अर्धा तास पुढचं घड्याळ

दोन हजार पंचवीस साल, माझं वय अठ्ठ्याहत्तर. झोडणी उरकली होती, मी खळ्यावर पेंढा रचत होतो, तेव्हा दिनेशचा फोन आला. "काका, बाबा गेले." एवढंच बोलला. दिनेश म्हणजे माझा दोस्त बाळाराम याचा मुलगा. मी पेंढ्यावर तसाच बसलो. फोन बंद झाला तरी कानाला धरलेलाच होता... सुनेनं येऊन हातातून काढून घेतला.

बाळाराम आणि मी एका बाकावर चौथीपर्यंत शिकलो. पुढं तो शिकला आणि भातसानगरला धरणावर नोकरीला लागला. मी मुरबाडच्या अलीकडं आमच्या गावात शेती केली. कुणाच्या हाताखाली एक दिवस काम केलं नाही, हे मी त्याला वरचेवर ऐकवायचो. नोकरी संपल्यावर त्यानं शहापुरात घर बांधलं आणि मग त्याला घड्याळांचं वेड लागलं. सुरुवात म्हशाच्या जत्रेत झाली. मी बैल बघायला गेलो होतो, तो सोबतीला. जुन्या सामानाच्या एका पालापुढं हा जो बसला तो उठेना. लाकडी पेटीचं लंबकाचं घड्याळ होतं, वर लाकडाचाच घोडा, काच फुटलेली. त्यानं आतली चक्रं मला दाखवली. "गोंद्या, ह्याचे दात बघ. एकपण झिजला नाय." मी म्हटलं, "मग जुंप त्याला औताला." परत येताना एसटीत ते घोंगडीत गुंडाळून त्यानं मांडीवर घेतलं होतं, तापातलं पोर घ्यावं तसं. माझा बैल काय त्या वर्षी झाला नाही.

लोक कौलं उतरवून स्लॅब टाकत होते, तशी घराघरातली जुनी घड्याळं बाहेर पडत होती. बाळाराम ती मागून आणायचा, भंगारवाल्याकडून सोडवायचा, तेल घालून चालती करायचा. पुढच्या खोलीला त्यानं चुन्यात नीळ घालून रंग दिला आणि तिन्ही भिंती घड्याळांनी सजवल्या. उंच पेट्यांची मधल्या भिंतीवर, गोल तबकडीची दारावर, गजराची बारकी खिडकीच्या कोनाड्यात. वर्षातून दोनदा सगळी उतरवून नव्यानं मांडायचा आणि अंगणात उभा राहून दारातून बघायचा, कशी दिसतात म्हणून. सुमनवहिनी म्हणायच्या, "एक सवत असती तर भांडले असते. ह्या भिंतभर सवतींशी किती भांडू?" त्या खोलीत एका घड्याळाची वेळ दुसऱ्याशी जुळायची नाही, आणि ते त्यानं मुद्दाम केलेलं होतं. टोले एकदम पडू नयेत म्हणून. "सगळी एकदम बोलली तर बाजार, एकामागून एक बोलली तर भजन," असं त्याचं म्हणणं. खरी वेळ कुठली विचारलं तर म्हणायचा, "नोकरीभर मी घड्याळाकडं बघितलं. आता त्यांनी माझ्याकडं बघू दे."

त्यातलं एक घड्याळ माझं. माझ्या लग्नात मामानं आहेर केलेलं, काचेवर माझं आणि आमच्या मंडळींचं नाव रंगानं लिहिलेलं. मुलानं नवं घर बांधलं तेव्हा म्हणाला, आता भिंतीला शोभत नाही. मी वाद घातला नाही. घड्याळ खांद्यावर घेतलं आणि थेट शहापूर गाठलं. "ठेवायला देतोय, देत नाय," असं बाळारामला बजावलं. मी ज्या खाटेवर बसायचो तिच्या बरोबर समोर त्यानं ते लावलं. मी मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही, मोबाइलातले आकडे मला दिसत नाहीत. त्या घरात मी बघायचो ते माझ्याच घड्याळाकडं. आणि नेमकं तेच त्यानं अर्धा तास पुढं केलं. झालं होतं असं, की एकदा बोलण्याच्या नादात माझी मुरबाडची शेवटची एसटी चुकली. त्यानंतर आलो तर काटे पुढं. पुढं आहेत हे ठाऊक असायचं, तरी काटे बघितले की पाय उठायचेच, आणि मग स्टँडवर ताटकळत उभा. मी भांडलो की म्हणायचा, "उभा राहिल्यानं तुझा बांध सरकतो काय रे?"

दसऱ्यानंतर त्याला शेवटचा भेटलो. अंगात काही उरलं नव्हतं. त्याच खाटेवर, त्याच भिंतीकडं तोंड करून पडलेला. मी निघताना म्हटलं, "माझ्या नावाचं घड्याळ खोटं बोलतं, ते मला चालायचं नाय. बरोबर कर." तो काहीतरी टोमणा मारील म्हणून थांबलो. तो म्हणाला, "बरं. करतो." जन्मात त्यानं माझं कधी ऐकलं नव्हतं. स्टँडकडं जाताना मी दोनदा मागं वळून बघितलं...

फोन आला त्या दिवशी जीप करून मी शहापूरला पोचलो तर अंगणात माणसं कुजबुजत होती. खोलीत जराही आवाज नव्हता. मयताच्या घरात टोले वाजतात ते बरं दिसत नाही म्हणून शेजारच्या म्हाताऱ्यानं सगळ्या लंबकांना हात लावून घड्याळं थांबवली होती. तिकडं भटजींनी फोनवर सांगितलं होतं की दुपारी चार वाजता पंचक लागलं. चारच्या आत गेले असतील तर काही नाही. नंतर गेले असतील तर कणकेचे पाच पुतळे करून सोबत जाळायचे, आणि तरी घराला घोर राहतोच. पंचकात माणूस गेला की मागून पाच जातात, असं आमच्याकडं मानतात. दिनेश तेव्हा कामावर, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी. बाळारामजवळ वहिनी एकट्याच होत्या. श्वास थांबला तेव्हा त्यांनी मान वर केली, तर समोर माझं घड्याळ, त्यात सव्वाचार. एवढं त्यांनी बायकांना सांगितलं आणि मग त्या गप्पच झाल्या. ते घड्याळही आता थांबलेलं, पडताळायचं कशाशी?

दिनेश माझा हात धरून म्हणाला, "काका, ते तुमचं घड्याळ. पुढं असायचं ना? बाबांनी बरोबर केलं होतं का?"

काय सांगणार? पुढं असेल तर तो चारच्या आत गेला. बरोबर असेल तर पंचकात गेला, आणि बरोबर करायला मीच सांगितलं होतं. तिकडं पोटुशी सून, इकडं हा पोरगा माझ्या तोंडाकडं बघतोय. सारा जन्म बाळारामनं माझं ऐकावं म्हणून भांडलो. त्या अंगणात उभा राहून मनात म्हणत होतो, बाळाराम, या खेपेला ऐकलं नसशील तर बरं...

मी आत गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी समोर खाली बसलो. "वहिनी, माझं घड्याळ त्यानं मागं घेतलं होतं काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "नाय भावजी. तुमी गेलात तवा मी म्हटलं, मी करू का बरोबर? तर म्हणाले, हात लावू नको. गोंद्या रागावला तर रागावू दे, त्याची गाडी चुकता नये. बाकीच्यांना चावी नाय दिली तरी चालंल, त्याच्या घड्याळाला दे." मग हुंदका आवरत म्हणाल्या, "काल पण दिली मी चावी."

मी बाहेर येऊन दिनेशला सांगितलं, "पुढंच होतं. पुतळे करू नका." वहिनींचा शब्द होता, कुणी उलट विचारलं नाही. तिरडी उचलली तेव्हा मी पुढं खांदा दिला. या वयात झेपत नाही म्हणून पोरं अडवत होती, मी ऐकलं नाही.

तेराव्याला वहिनींनी ते घड्याळ स्टुलावर चढून स्वतः उतरवलं, पदरानं काच पुसली आणि माझ्यापुढं धरलं. "ठेवायला दिलं होतंत ना." भिंतीवर त्या जागी निळीचा रंग नवा राहिला होता... तेवढाच चौकोन. घरी येऊन मी ते ओटीवर टांगलं. मुलगा मोबाइल बघून काटे फिरवायला गेला. मी म्हटलं, "अर्धा तास पुढं ठेव. आणि परत हात लावायचा नाय." त्यानं काटे पुढं केले. भिंतीला शोभत नाही असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, टोपी घातली आणि त्या घड्याळात बघून शहापूरच्या पहिल्या गाडीसाठी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. अर्धा तास उभा होतो. गाडी आली. कंडक्टर ओळखीचा, म्हणाला, "बाबा, शहापूर ना? चढा." मी हातानंच नको म्हटलं; गाडी चुकली नाही, एवढंच बघायचं होतं. गाडी वळणाआड गेल्यावर घरी आलो आणि घड्याळाला चावी दिली.