पालथा पेला

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत भिकनचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याचा एक गाळा, मागे रंगवलेला पडदा आणि पुढे तीन पायांवर उभा असलेला मोठा लाकडी कॅमेरा. पडद्यावर तळं आणि तळ्यात दोन हंस. कितीतरी नवी जोडपी त्या तळ्याकाठी अवघडून उभी राहिली, आणि भिकननं सगळ्यांना हसवलं. काळ्या कापडात डोकं घालता घालता तो म्हणायचा, "नवरदेव, श्वास सोडा! लग्न झालं, आता काय पळून जाताय?"

इतके चेहरे कागदावर उतरवणाऱ्या भिकनकडून एकच चेहरा राहून गेला. त्याच्या मायचा.

माय म्हणजे मंजुळाबाई. रतनलाल शेठच्या घरी ती सव्वीस वर्षं मागचं अंगण झाडत होती. पुढे शेठचं भांड्यांचं दुकान, मागे राहतं घर. मंजुळाबाईची जात त्या घराच्या उंबऱ्याबाहेरची. अंगण, गोठा आणि मोरीची नाली, एवढाच तिचा वावर. मागच्या दाराशी भिंतीत एक कोनाडा होता, त्यात तिचा पितळी पेला असायचा. तहान लागली की तिनं पेला पुढे करायचा आणि शेठाणी झमकूबाईंनी वरून पाणी सोडायचं. प्यायल्यावर पेला राखेनं घासून, पालथा घालून तिनं परत कोनाड्यात ठेवायचा. घरातल्या एकूण एक भांड्यावर नाव कोरलेलं होतं. या पेल्यावर मात्र काही नव्हतं. काठाला एक पोचा होता, तीच त्याची खूण.

फोटोचा विषय काढला की माय पदर तोंडावर ओढायची. "मना तोंडले कोन देखस रे? शेठाणीना काढ."

"शेठाणी घुंघटातल्या. त्यांचा काढला तर घुंघटच येईल."

ती खळखळून हसायची. शेवटी एकदा कबूल झाली होती. "अखाजीले नवं लुगडं लिसू, मंग काढजो."

ती पौषातच गेली. तापानं, चार दिवसांत.

आणि आता अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. त्या दिवशी खान्देशात गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोरी आणि आंब्याचा नैवेद्य दाखवतात. शहरात घागरीमागे फोटोही ठेवायला लागले होते, आणि ही हौस लोकांना लावली होती भिकननंच. आता त्याच्याच घरची घागर बिनचेहऱ्याची राहणार होती.

तेवढ्यात शेठचा निरोप आला. लगनसराईची जाहिरात छापायची होती आणि तिच्यासाठी भांड्यांचा फोटो हवा होता.

मागच्या अंगणात उजेड चांगला, म्हणून तिथेच पाट मांडून हंडे, परात, तांबे रचले होते. मध्यभागी झमकूबाईंच्या स्वतःच्या लग्नातली भांडी. शेठ कमरेवर हात ठेवून उभे. "भिकन, असा फोटो काढ की भांडी उड्या मारत पोरीच्या सासरी गेली पाहिजेत!"

"उड्या मारल्या तर पोचे येतील, शेठ."

"मग हळू चालत जाऊ देत!" म्हणत शेठ हसत दुकानात गेले.

फोटो झाला. भिकननं कापड बाजूला केलं, आणि त्याची नजर कोनाड्याकडे गेली. पेला तिथेच होता, मायनं ठेवला होता तसा पालथा. पौषापासून त्याला कोणी हात लावला नव्हता.

"शेठाणीबाई," तो दाराकडे वळून म्हणाला, "मायचा पेला मला देता?"

घुंघटाआडून आवाज आला. "तो कसा देऊ? अखाजीनंतर नवी बाई येणार आहे. भिकुबाई. तिला लागेल ना."

यात बाईंचा काही दुष्टावा नव्हता, म्हणूनच बोलणं अवघड होतं.

"मग त्याचा फोटो तरी काढू द्या. मायचा एकही फोटो नाही माझ्याकडे. इथं पाटावर ठेवतो, तुमच्या भांड्यांत. एकदाच."

बाई म्हणाल्या, "ठेव. पण थांब, आधी विस्तवातून काढते. पितळ आहे, निखारे घातले की शुद्ध होतं." आणि त्यांनी दारामागचा चिमटा उचलला.

"नको!"

एवढ्या मोठ्यानं त्या अंगणात भिकन कधीच बोलला नव्हता. त्याचं त्यालाच दचकायला झालं. "नको, शेठाणीबाई. रोज घासायची ती राखेनं, ठाऊक आहे मला. तरी सव्वीस वर्षं तिचे ओठ लागलेत त्याला. जाळून काढलंत तर मी फोटो कशाचा काढू?"

झमकूबाई चिमटा हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. आता त्या बाहेर येत नाहीत असं समजून भिकन कॅमेरा उचलू लागला, तर त्या आल्या. हातात त्यांचा रोजचा पेला, 'सौ. झमकूबाई' असं कोरलेला. अंगण ओलांडून त्यांनी तो कोनाड्यात ठेवला. उभा, पालथ्या पेल्यापासून वीतभर दूर.

"तिथंच काढ," त्या म्हणाल्या. "एकटीचा नको."

भिकननं कॅमेरा कोनाड्यासमोर नेला आणि कापडात डोकं घातलं. आत, मागच्या दुधी काचेवर सगळं उलटं दिसतं. वीस वर्षांत त्याला याचं काही वाटलं नव्हतं. आज मात्र त्याचा हात थांबला. काचेवर शेठाणींचा पेला पालथा झाला होता आणि मायचा पेला सुलटा उभा होता, आता कोणी पाणी ओतेल म्हणून वाट बघत असल्यासारखा. बाहेरून बाईंनी "झालं का?" म्हणून दोनदा विचारलं. तो कापडाखालून निघेना.

फोटो झाल्यावर त्यांनी आपला पेला उचलून आत नेला. कॅमेऱ्याचे पाय दुमडताना भिकनला आतून चिमट्याचा आवाज आला, आणि निखारे पितळेत पडल्याचा. तो मान खाली घालून निघाला. रागावावं की हात जोडावेत, हे त्याला त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

अखाजीच्या सकाळी त्यानं स्टुडिओतच घागर भरली. वर डांगर ठेवलं, बाजूला सांजोरी, आंबा आणि घडी न मोडलेलं हिरवं लुगडं. मागे, हंसांच्या पडद्यावर, फोटो टांगला. शेजारचा वना शिंपी डोकावला आणि टाळी वाजवून हसला.

"भिकनभाऊ, फोटू उलटा टांगेल शे! फोटोवाला व्हईसन तुले उलटं-सुलटं कयत नही?"

"बरोबर शे, वना."

"अरे, पण यो पेला पालथा दिखी ऱ्हायना, त्यावर नावबी उलटं शे!"

"तो ऱ्हाऊ दे. दुसरा देख."

वनानं दुसरा पेला पाहिला. काठाला पोचा, नाव नाही, सरळ उभा. त्याचं हसू ओसरलं. कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही. चपला काढून तो घागरीसमोर खाली बसला.

भिकननं तांब्या उचलला. फोटोतल्या पेल्याच्या अगदी जवळ नेला, वरून नाही, शेजारून, मग डांगर जरा बाजूला सारून हलकेच घागरीत धार सोडली.

"पी, माय," तो म्हणाला.