मार्थाकाकूंनी टाकलेला हंडा

खरं सांगतो, त्या पावसाळ्यात मी देवावर नाही, पण देवाच्या माणसांवर पार वैतागलो होतो. आमच्या मारेगावकडे कपाशीची फवारणी सुरू झाली की कोणाला ना कोणाला विषबाधा होतेच. म्हणून मी पत्रक छापलं. तोंडाला कापड बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका. रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर वाटायला माणसं मागितली, तर एकही हात वर नाही. फवारणाऱ्यांना वावरात पाणी पोचवणाऱ्या मार्थाकाकू तर सरळ उठून निघाल्या. मी सगळ्यांदेखत बोललो, "काकू, देवाचं काम निघालं की तुमाले पाणीच भरायचं असते."

"पाणी भरणं बी त्याचंच काम हाये, बापू," त्या म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या.

मला तो साफ बहाणा वाटला. आपलं रोजचं काम हीच सेवा, हे आमच्या मंडळीत लहान लेकरालाही पाठ. त्याआड लपणं किती सोपं!

बुधवारी चुलतभावाचा खांदा आखडला, म्हणून त्याच्या वावरात फवारणीचा पंप मी पाठीवर घेतला. तासाभरात नोझल तुंबलं. डोक्यावर ऊन, पाठीवर ओझं, मनात अजून रविवारचा राग. बापाला, काकाला आयुष्यभर जे करताना पाहिलं तेच माझ्या हातानं केलं. नोझल काढलं आणि फुंकायला ओठांशी नेलं.

मागे धाडकन काही आदळलं आणि मनगटावर फटका बसला. नोझल मातीत पडलं. मार्थाकाकू उभ्या होत्या, डोक्यावरचा भरलेला हंडा कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासात लवंडलेला.

"काहून रे, पत्रक काय दुसऱ्यायसाठीच छापलं होतं?"

त्यांनी ओटीतून साबणाची वडी काढली, हंड्यात उरलेल्या पाण्यानं माझे हात आणि ओठ दोनदा धुवायला लावले. मग गवताच्या काडीनं नोझल मोकळं केलं. खरं तर त्या दिवशी त्यांची खेप पलीकडच्या वावरात होती. तिथल्या विहिरीवरची मोटर बंद पडली म्हणून त्या इकडच्या विहिरीचं पाणी भरून या वाटेनं चालल्या होत्या. एवढंच. याला योगायोग म्हणा की आणखी काही, मी यावर वाद घालत नाही.

"पाणी सांडलं ना तुमचं," मी पुटपुटलो.

"मंग आन जा."

विहीर लांब होती. हंडा खांद्यावर घेऊन येताना मी वाटेतच प्रार्थना केली. प्रभू, तू मला राखलंस, आणि जिला मी तुझ्या कामात धरलंच नव्हतं तिच्याच हातून राखलंस. तुझे उपकार. मला अजूनही चीड येते, पत्रकंही मी छापणारच. पण कोणाची मेहनत तुझ्या खात्यातली आणि कोणाची नाही, हे ठरवणं त्या वाटेवर मी तुझ्यावर सोडलं.

पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून काकूंची माफी मागू लागलो.

"बस खाली," त्या म्हणाल्या, "उपासना होऊ दे."