टपालवाल्या विन्समची शंका

कॅरिकच्या खोऱ्यात टपाल वाटणाऱ्या विन्सम टलॉकच्या तावडीत सापडलेला माणूस दोन-तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय सुटत नसे. तुमचं जर्दाळूचं झाड यंदा उशिरा का फुललं? म्हाताऱ्या आंधळ्या कुत्र्याला घराची वाट कशी सापडते? नव्या मास्तरांनी आधीची शाळा का सोडली? तिच्या लेखी हे सगळे प्रश्न एकाच जातीचे. लोकांच्या लेखी नव्हते. त्यामुळे ती भोचक आहे यावर खोऱ्याचं एकमत होतं, आणि ते तिच्या तोंडावर सांगायलाही कोणी लाजत नसे.

टपालाचं काम मूळचं तिच्या नवऱ्याचं, गॉर्डनचं. गवताच्या गंजीवरून पडून त्याची पाठ गेली, तेव्हा ती आठवडाभरासाठी म्हणून गाडीवर बसली. त्या आठवड्याला आता चोवीस वर्षं झाली होती. रस्त्याच्या कडेने त्रेचाळीस टपालपेट्या होत्या. पत्रांबरोबर पाव, वर्तमानपत्रं, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं तीच पोचवायची. एकदा एका मधपाळासाठी काडेपेटीएवढ्या डबीतून राणीमाशी आली होती, तर वाटेत गाडी थांबवून ती डबी कानाला लावून बसली होती. त्या दिवशी सगळ्यांना टपाल उशिरा मिळालं.

ती सत्तावन्न वर्षांची झाली त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडला. इथे दक्षिण गोलार्धात ऑगस्टअखेर हिवाळा संपतो, त्यामुळे तो सरला असं धरून लोकांनी गवताचा साठा बराचसा संपवला होता. मेंढ्यांना महिन्याभरात पिल्लं व्हायची होती. मंगळवारी दुपारी बर्फ भुरभुरायला लागला तो गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबला नाही. असल्या वादळांची इथे सवय आहे, पण ती जुलैत येतात आणि एका रात्रीत उरकतात. शुक्रवारी सकाळी गॉर्डनने मागचं दार उघडलं तर समोर छातीएवढी पांढरी भिंत, आणि तिच्यावर दाराच्या कडीचा ठसा. विजेचे खांब आडवे झाले होते, फोन मुके झाले होते. टलॉकांच्या घरी कोळशाची चूल होती म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे सगळं विजेवर, त्यांनी शेकोटीवर केटली टांगली.

शनिवारी बर्फ सारणारं यंत्र खालच्या गावातून वर यायला निघालं आणि विन्सम पत्रांची पिशवी, पावांचा खोका आणि औषधांची पुडकी घेऊन चालकाशेजारी जाऊन बसली. यंत्रावर बाहेरच्या माणसाला बसायची परवानगी नव्हती. चालकाने तसं सांगितलं. त्यावर तिने त्याला विचारलं की वरच्या टोकाच्या म्हातारीच्या हृदयाच्या गोळ्या तू स्वतः पोचवणार का, आणि तिच्या तीन कुत्र्यांपैकी चावणारा कोणता ते तुला ठाऊक आहे का. त्यानंतर चार दिवस ती त्याच्याबरोबर होती.

यंत्र पुढे सरकायचं, ती फावडं घेऊन उतरायची, टपालपेटी मोकळी करायची, मग घराकडे तुडवत जायची. कोणाचं छप्पर बसलं, कोणाच्या गाई दोहायच्या राहिल्या, कोणाकडे पीठ संपलं, हे तिला आधी कळायचं आणि तिच्यामुळे पुढच्या घराला. एरवी जिला भोचक म्हणायचे तिची लोक आता खिडकीत उभं राहून वाट बघत होते. तिने ही गंमत गॉर्डनला सांगितली, तर तो म्हणाला, वीज येऊ दे, मग बघू.

सगळ्यांत वाईट बातमी वरच्या टोकाच्या फर्गस लेडलॉकडची होती. डोंगरातल्या झोपडीजवळच्या कुरणात त्याच्या एकशे शहाऐंशी मेंढ्या होत्या, सगळ्या गाभण. त्यातली एकही दिसत नव्हती. बाकीचे कळप बर्फात अडकले तरी डोळ्यांना दिसत होते. त्यांच्यासाठी माणसं एकामागे एक चालून बर्फ तुडवत, वाट करत, आणि त्या वाटेने मेंढ्या रांगेने खाली उतरत. पण जे दिसतच नाही त्याच्यापर्यंत वाट कुठून काढायची?

लेडलॉ आणि त्याची मेंढरं राखणारा राविरी पाच दिवस उत्तरेच्या कुंपणाशी खणत होते. त्यांचं काही चुकत नव्हतं. वादळात मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात आणि काहीतरी आडवं आलं की थांबतात. इथलं वादळ दक्षिणेचं, म्हणून मेंढ्या उत्तरेच्या कुंपणाला. राविरीच्या आजोबांनी तिथूनच काढल्या होत्या, लेडलॉच्या वडिलांनीही तिथूनच. यंदा तिथे बर्फाखाली गवत निघालं, तारा निघाल्या, मेंढी एकही नाही. वादळ सुरू झाल्यापासून सातव्या दिवशी हेलिकॉप्टर वरून फिरून गेलं. त्यातल्या माणसांनाही सपाट पांढऱ्या उतारापलीकडे काही दिसलं नाही.

विन्समला मात्र चार दिवस वेगळंच काहीतरी टोचत होतं, आणि काय ते नीट कळत नव्हतं. बुधवारी, वादळ थांबून सहा दिवस झाल्यावर, ती चुलीपाशी मोजे वाळवत बसली होती तेव्हा ते तिच्या ध्यानात आलं. कॅरिकमधल्या सगळ्या टपालपेट्यांवर नावं दक्षिणेच्या अंगाला रंगवलेली आहेत, कारण रस्ता त्या बाजूला आहे. दर वादळानंतर नावांवर बर्फाचा थर बसतो आणि तिला हातमोज्याने खरवडून काढावा लागतो. चोवीस वर्षं ती हे करत होती. या वेळी एकाही पेटीवर तिला नाव खरवडावं लागलं नव्हतं. नावं स्वच्छ होती. बर्फ दगडासारखा बसला होता तो पेट्यांच्या पूर्वेच्या अंगाला.

तिने गॉर्डनला विचारलं, याचा अर्थ काय होतो?

गॉर्डनने चुलीत कोळसा सारला. मग म्हणाला, "अर्थ असा की वारा फिरला होता. आणि आपण सगळे घरात होतो, म्हणून कोणाला कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी ती लेडलॉच्या घरी गेली. त्याची बायको जॉसलिन स्वयंपाकघरात चीज लावून पावाच्या गुंडाळ्या भाजत होती, राविरी टेबलावर डोकं टेकून झोपला होता, आणि लेडलॉ बूट न काढताच बसला होता. त्याच्या घरात बूट घालून कोणी बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने पत्रं ठेवली आणि वाऱ्याचं सांगितलं. त्याने नीट ऐकलंही नाही.

"विन्सम, आज नको," तो म्हणाला. "पत्रं वाटणं वेगळं आणि मेंढ्या शोधणं वेगळं."

"मान्य आहे," ती म्हणाली. "पण मला एवढंच सांग, तुझ्या पेटीवरचं नाव मला पुसावं का लागलं नाही?"

"मला काय माहीत? मी काय पेटी बघायला गेलो होतो?"

"तेच म्हणते मी. मी गेले होते."

लेडलॉने बूट काढले आणि आतल्या खोलीत निघून गेला. जॉसलिनने दोन गुंडाळ्या कागदात बांधून विन्समच्या हातात दिल्या, म्हणजे आता नीघ असाच त्याचा अर्थ होता. ती दारापर्यंत पोचली तेव्हा राविरीने टेबलावरचं डोकं न उचलता विचारलं, "पूर्वेच्या अंगाला किती जाड होता?"

"वीतभर. आणि कडक."

"मग त्या पश्चिमेला गेल्या असतील," तो म्हणाला. "पण पश्चिमेला कुंपण नाही. त्या थांबल्या कशाला?"

आता हा प्रश्न तिचाही झाला.

रविवारी टपाल नसतं. सकाळी ती, राविरी आणि त्याची ट्विस्ट नावाची कुत्री वर निघाली. लेडलॉला राविरीने सांगितलं होतं. त्याने मान हलवली होती, एवढंच. गुडघ्यापर्यंत बर्फ तुडवत झोपडीपर्यंत यायलाच तीन तास लागले. विन्सम दर शंभर पावलांवर थांबायची, आणि दम लागलाय हे लपवायला काहीतरी विचारायची. राविरीच्या ते लक्षात आलं होतं, पण तो उत्तरं देत राहिला.

झोपडीच्या पश्चिमेला नुसता उतार होता, चादर अंथरल्यासारखा. राविरी उभा राहून बघत राहिला. मग म्हणाला, इथे काहीतरी चुकतंय. या बाजूला काटेरी झुडपांनी भरलेली एक घळ आहे, दोन पुरुष खोल. उन्हाळ्यात वासरू पडलं होतं तिच्यात. ती कुठे गेली?

घळ कुठेही गेली नव्हती. ती काठोकाठ भरून सपाट झाली होती. वरून बघणाऱ्याला ती दिसणार तरी कशी?

ट्विस्ट पुढे गेली आणि थांबली. भुंकली नाही, नुसती नाक खाली घालून उभी राहिली. विन्सम तिच्यामागे सावकाश गेली. बर्फात मनगटाएवढं एक भोक होतं, कडेला पिवळसर. दोन हातांवर दुसरं. मग तिसरं. विन्सम पालथी पडली आणि पहिल्या भोकाला तिने गाल लावला. आतून गरम, ओलसर हवा येत होती. ओल्या लोकरीचा आणि शेणाचा वास होता. तिने श्वास रोखला, तर खाली कोणाचा तरी श्वास चाललेला ऐकू आला, आणि मग खोकल्यासारखा आवाज.

"राविरी," ती हळूच म्हणाली, "खाली कोणीतरी खोकलं."

राविरीने तिच्याशेजारी अंग टाकलं, ऐकलं, आणि तसाच तोंड बर्फात घालून थोडा वेळ पडून राहिला. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. ते बर्फाच्या चकाकीने असेल असं तिने मानलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

राविरी तुडवलेल्या वाटेने खाली निरोप देऊन आला, आणि दुपार कलेपर्यंत खोऱ्यातली एकवीस माणसं फावडी घेऊन वर आली. लेडलॉ सगळ्यांत पुढे. काठ्या खुपसून अंदाज घ्यायचा, मग बाजूने खणायचं, वरून नाही, नाहीतर छत कोसळतं. आतल्या उबेने बर्फ वितळून झुडपांच्या आधाराने लांबच लांब पोकळी झाली होती, आणि तिच्यात मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. वादळ सुरू झाल्यापासून तो तेरावा दिवस होता. अंधारातून उजेडात आल्यावर त्या डोळे मिटून जागच्या जागी थरथरत. कित्येकींना पाय टाकता येईना. त्यांना उचलून आणावं लागलं. दोन दिवसांत एकशे एकतीस जिवंत निघाल्या. बाकीच्या घळीच्या तळाशी दबून मेल्या होत्या.

जिवंत निघालेल्यांना बघून आधी सगळ्यांची फावडी थांबली. त्यांच्या अंगावर लोकर नव्हती. पाठी, कुशी, मानेचा वरचा भाग, सगळं उघडं, गुलाबी, कुठे कुठे ओरबाडलेलं. तेरा दिवस त्यांनी एकमेकींची लोकर खाल्ली होती. विन्सम एका मेंढीसमोर बसून तिच्या तोंडात बोट घालून दातांत अडकलेले केस बघायला लागली, तेव्हा लेडलॉ पहिल्यांदा हसला.

पण थंडी गेलेली नव्हती. उघड्या अंगाच्या मेंढ्या एका थंड रात्रीत मेल्या असत्या. लोकर भरायची पोती कापून त्यांना अंगरखे करावेत असं जॉसलिनने सुचवलं, पण पोती तीसच निघाली. तेव्हा विन्सम पुन्हा रस्त्याला लागली. प्रत्येक पेटीपाशी थांबून तिने जुने स्वेटर मागितले. का, कोणाला, किती, हे या वेळी लोक तिला विचारत होते. सोमवारी संध्याकाळपर्यंत खोऱ्याच्या सभागृहात स्वेटरांचा ढीग पडला. शाळेच्या गणवेशाचे, रग्बी संघाचे, एक तर नवा कोरा, लग्नात आहेर आलेला आणि कधी न घातलेला. बायांनी बाह्या कापल्या, पोटाखाली नाड्या लावल्या. लेडलॉच्या गोठ्यात सुकं गवत थोडं थोडं, चिमटीने द्यावं तसं द्यावं लागे, कारण उपाशी पोटाला एकदम चारा मिळाला तर मेंढी दगावते. ते काम राविरी आणि जॉसलिन आळीपाळीने करत. पुढे पंधरवडाभर खोऱ्यातला माणूस ओळखीचा स्वेटर कुठे चरतोय ते बघायला लेडलॉच्या कुंपणाशी थांबायचा.

त्यातल्या नऊ मेंढ्या पहिल्या आठवड्यात गेल्या. उरलेल्यांपैकी ज्यांना पिल्लं झाली त्या शंभराच्या आत होत्या. पिल्लं लहान होती, पण बहुतेक जगली. वीज तीन आठवड्यांनी आली. त्यानंतर लोक विन्समला पुन्हा भोचक म्हणायला लागले, पण म्हणताना चहाही ठेवायला लागले.

पुढच्या वर्षी लोकर कातरायच्या वेळी ती लेडलॉच्या कातरघरात जाऊन बसली. टेबलावर लोकर निवडणाऱ्या बाईने पोटाकडची, न खाल्लेली एक बट उचलून तिच्यासमोर दोन्ही टोकांना धरली आणि ताणली. बट मधोमध तुटली. दुसरी घेतली, तीही तिथेच. मेंढी उपाशी राहिली की त्या दिवसांत उगवलेली लोकर बारीक आणि कच्ची निघते, बाईने सांगितलं. जिथली लोकर खाल्ली गेली तिथे नव्याने उगवलेलीही टोकाशी तशीच कच्ची असते. विन्समने मग स्वतः पंचवीस-तीस बटा तोडून पाहिल्या. कातरणाऱ्यांना तिला ओलांडून जावं लागत होतं.

"झालं समाधान?" लेडलॉने विचारलं. तो दारात टेकून उभा होता.

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या त्या मेंढ्यांपैकी दोघींची लोकर कोणीच खाल्ली नव्हती. मी तेव्हा बघून ठेवलं होतं, एकीचा कान फाटका आहे. त्या दोघींनाच का सोडलं?"

लेडलॉने डोक्यावरची टोपी मागे सारली. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने राविरीला हाक मारली आणि फाटक्या कानाची मेंढी कळपातून आधी वेगळी काढायला सांगितलं.