काकांना ‘हाव’ म्हणता यावं म्हणून

बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत मी धागे तोडायच्या नोकरीला होते. सुताच्या गुंडाळ्या, म्हणजे कोन, आमच्या लॅबमध्ये यायचे. त्यांचा धागा यंत्राच्या दोन चिमट्यांत अडकवायचा, यंत्र तो ताणत न्यायचं आणि तुटला की किती जोर लागला ते एका फायलीत लिहून ठेवायचं. यंत्र हुशार होतं, पण नावं ठेवण्याच्या बाबतीत भलतंच आळशी. पहिल्या फायलीचं नाव एक, दुसरीचं दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून सुरू.

म्हणून चाचण्या आटोपल्या की आमचे सीनियर त्या साठेक फायलींचं रोज हातानं बारसं करायचे. लॉट नंबर, तारीख, कोनाचा नंबर. सगळी गिरणी त्यांना काका म्हणायची. धाग्यावरून बोट फिरवून तो कुठं तुटेल हे सांगणारा माणूस. पण कीबोर्डवर तेच बोट एकेक अक्षर तोंडानं म्हणत चालायचं. ते ऐकून ऐकून मलाच लॉट नंबर पाठ झाले होते.

नागपूरहून कंपनीच्या बसनं येता-जाता मी मोबाइलवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते. एका रविवारी फायलींची नावं बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. काळ्या स्क्रीनवर आधी स्क्रिप्टचं नाव, मग लॉट, तारीख आणि पहिल्या कोनाचा नंबर लिहायचा. एंटर दाबलं की पुढचे नंबर ती स्वतःच मोजायची आणि काम फत्ते. आठवडाभर मीच चालवली. मग एक दिवस काका म्हणाले, “आज मी चालवून पाहतो वं.”

त्यांनी कोनाचा नंबर लिहिलाच नाही. “ते तर मशीनले माहीतच हाय,” असं त्यांचं म्हणणं. स्क्रिप्टनं तक्रार केली नाही, कारण तक्रार करायला मी तिला शिकवलंच नव्हतं. तिनं साठही फायलींना एकच नाव दिलं. एकीला पुसून दुसरी, दुसरीला पुसून तिसरी. शेवटी फोल्डरमध्ये एकच फाइल उरली.

काकांनी फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं.

“बाकीच्या कुठं गेल्या?”

“गेल्या, काका.”

“चुकी कोणाची हाय?”

“माझी.”

“मग बस. तू तोड, मी कोन देतो.”

त्या दिवशी दुपारभर आम्ही त्याच कोनांचे धागे पुन्हा तोडले. काका एकेक कोन पुसून हातात देत गेले, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या आठवड्यात मला एक लायब्ररी सापडली. पुस्तकांची नाही, दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला मदतीचा कोड. आपण फक्त कामाचं लिहायचं. काय हवं ते विचारणं, उत्तर राहिलं की अडवणं, तारखेच्या जागी भलतंच काही आलं तर परत पाठवणं, ही सगळी कटकट ती लायब्ररी बघायची. ‘हेल्प’ म्हटलं की माहितीचं पानसुद्धा आपोआप दाखवायची, आपण लिहिलेल्या वाक्यांतूनच. वाचणारे एकटे काका, म्हणून ती वाक्यं मी आमच्या बोलीत लिहिली. ‘लॉट नंबर सांगा ना जी.’ ‘काहून जी, तारीख विसरले का?’

काका खूश झाले. शेवटचा प्रश्न मात्र लायब्ररीचा स्वतःचा होता: साठ फायलींची नावं बदलू का? काकांनी इंग्रजी अक्षरांत आमच्याकडचा होकार लिहिला, ‘हाव’. लायब्ररीनं नाकारलं. ‘हो’ लिहिलं, तेही नाकारलं.

“तिला वाय पाहिजे, काका. वाय म्हणजे येस.”

“ते गुलेलीसारखं अक्षर? मी नाही दाबत. हाव म्हटल्यावर हाव. हिले समजत नसन तर हिले शिकव.”

मग मी तो प्रश्न काढून माझा घातला आणि होकारांची यादी केली: हो, होय, हाव, चालते. नकाराची करताना आम्ही ‘पाहू’पाशी अडलो.

“पाहू म्हणजे हो की नाही?” मी विचारलं.

“आपला साहेब सुटीच्या अर्जावर पाहू म्हणते, तवा काय असते?”

“नाही.”

“मग लिहून टाक.”

काही महिन्यांनी पुण्याच्या एका गिऱ्हाईक कंपनीकडून तपासणीसाठी एक बाई आल्या. नोंदी कशा ठेवता, असं त्यांनी विचारलं. साहेबांच्या कपाळावर घाम. काकांनी ऐटीत स्क्रिप्ट सुरू केली आणि खुर्ची बाईंपुढं सरकवली. बाईंनी मुद्दाम चुकीचा लॉट टाकला. स्क्रीनवर आलं: ‘असा लॉट आपल्याकडं नाही जी. चष्मा पुसून पाहा.’

बाईंनी खरोखरच चष्मा काढला, पुसला आणि मग हसू आवरेना म्हणून त्या खोकल्या. अहवालात त्यांनी लिहिलं की चुकीची नोंद जागीच अडवली जाते, हे उत्तम. संदेशांची भाषा तेवढी प्रमाण असावी.

साहेबांचा हुकूम सुटला. मी निमूटपणे लिहिलं, ‘कृपया वैध लॉट क्रमांक प्रविष्ट करा.’

दुसऱ्या दिवशी काकांनी ते मोठ्यानं वाचलं. “हे कोण बोलून राहिलं वं? कलेक्टर हाय का?” आणि पुन्हा हातानं नावं द्यायला बसले. एक बोट, एकेक अक्षर.

दोन दिवस मी ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी स्क्रिप्टला एक पर्याय जोडला. स्क्रिप्टच्या नावापुढं ‘साहेब’ लिहिलं तर ती प्रमाण बोलेल. काही लिहिलं नाही तर आपली नेहमीची. लायब्ररीमुळं हे दहा मिनिटांत झालं. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले, “पाहू,” आणि यादीत काहीही लिहिलेलं असलं तरी या वेळी आम्ही तो होकार धरला.

तेव्हापासून काकांनी माझी बोली तपासायला घेतली. “तू शहरातली. विसरले काय म्हणते? भुलले म्हण.” मी बदललं. हळूहळू सगळेच संदेश त्यांच्या तोंडचे झाले. मग एका सकाळी त्यांना एक वाक्य स्वतः टाइप करायचं होतं. मी फाइल उघडून मराठी कीबोर्ड लावून दिला. एका ओळीला त्यांना पंधरा मिनिटं लागली. चालवलं तर एरर, आणि ओळीखाली एक छोटा बाण.

“हा बाण कुठं दाखवून राहिला?”

“तुमच्या वाक्याच्या सुरुवातीला.”

“इथं तर ते अवतरणाचं चिन्ह हाय.”

“मग कुठं नाही?”

काका स्क्रीनवर बोट ठेवून ओळीच्या टोकापर्यंत गेले. तिथलं चिन्ह राहिलं होतं. माझ्याकडे न पाहता चिन्ह टाकलं, जपून ठेवलं, पुन्हा चालवलं. आदल्या दिवशी राहिलेल्या साठ फायलींना नावं पडली आणि खाली काकांची ओळ उमटली: ‘झालं जी. आता हात धुवा अन् डबे उघडा.’

साडेदहाच वाजले होते. पण आम्ही हात धुतले.