ताईची देवदाराची चौकट

शेजाऱ्यांची तार आली तेव्हा मी काटोलच्या कचेरीत होतो. 'ताई गेल्या, लगेच निघा', एवढंच. दुपारच्या गाडीनं नागपूर गाठेपर्यंत मला डब्यात बसवेना. उभा राहिलो, पुन्हा बसलो, पुन्हा दाराशी गेलो. त्याला आता पाच आठवडे झाले, पण ती चुळबुळ काही जात नाही. ताईला एक गोष्ट मी माझ्या तोंडानं कधी सांगितली नाही, आणि तिची तिलाच कळली तेव्हा माझ्याजवळ बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं...

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. भाऊजी पंजाबच्या डोंगराळ मुलखात लाकडाच्या वखारीवर कारकून होते, त्यामुळे लग्नानंतरची चौदा वर्षं तिची देवदाराच्या जंगलाजवळ गेली. भाऊजी तापानं गेले आणि ती नागपूरला परतून मुलींच्या शाळेत शिकवू लागली. पुढं धंतोलीत लहानशी जागा घेऊन तिनं दोन खोल्यांचं घर बांधायला काढलं, आणि दारं-खिडक्या देवदाराच्याच हव्यात म्हणून हटून बसली. सागवानाच्या मुलखात हे ऐकून सगळे हसले. झिबलजी मिस्त्री तर म्हणाले, "बाई, आपल्याकडं सागाले काय कमी आहे? परमुलखातलं लाकूड काहून आणता?" ताई म्हणाली, "हे म्हणायचे, देवदाराले वाळवी शिवत नाही. अन् ते पाह्यल्याशिवाय काही बोलत नसत."

भाऊजींच्या जुन्या सोबत्यानं माल रेल्वेनं पाठवला. मालधक्क्यावर ताई स्वतः आली. पदर खोचून एकेक लाकूड उन्हाकडं फिरवून पाहिलं, नखानं ओरखडून वास घेतला. गाभ्याचं लाकूड पिवळसर तपकिरी, तेलकट, घमघमणारं, सालीलगतचं पांढरट. टिकतो तो गाभा, पांढऱ्याला कीड लागते, हे ती झिबलजींना वर्गात शिकवावं तसं सांगत होती. पांढरा काठ असलेली लाकडं तिनं वेगळी रचायला लावली आणि बजावलं, "याच्या वरच्या मांडण्या करा. जमिनीजवळ एकही लावू नका."

मग परीक्षेच्या कामासाठी ती दहा दिवस अमरावतीला गेली, घर माझ्यावर सोपवून. वास्तुशांतीचा मुहूर्त ठरला होता आणि आतल्या खोलीच्या चौकटीला एक उभं लाकूड कमी पडलं. नवीन मागवायचं तर महिना गेला असता. मी वेगळ्या रचलेल्यांतलं एक दाखवलं. झिबलजींनी रंधा खाली ठेवला.

"बाईले विचारून घ्या न, भाऊ."

"रंग मारल्यावर कोणाले दिसते?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि काम सुरू केलं. रंग त्या लाकडावर फार छान बसला. तेलकट गाभ्यावर तो नीट धरत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्या चौकटीवर मातीची बारीक रेघ चढलेली दिसली. वाळवी. ताई दारापुढं बसून ती रेघ पाहत होती. रंगाखाली गाभाच आहे, अशीच तिची समजूत होती. "लागते म्हणजे," ती म्हणाली. एवढंच. पण त्यानंतर भाऊजी तिच्या बोलण्यातून गेले. आधी कशावरूनही 'हे म्हणायचे' निघे. आता मी आठवण काढली तर म्हणे, "माणूस बोलता बोलता बोलून जाते, बाबू. मीच सारं खरं धरून बसली." मला तिथंच सांगता आलं असतं. शब्द ओठांवर येत, आणि मी काटोलची संत्री, साहेबांचा दौरा, असलं काहीतरी काढी. स्टेशनकडं चालताना ठरवी, पुढच्या रविवारी नक्की. असं वर्ष गेलं...

शेवटी दार लोंबायला लागलं, तेव्हा ताईनं झिबलजींना बोलावून चौकट काढवली. मीही होतो. ते उभं लाकूड तिनं अंगणात उन्हात आणवलं आणि करवतीनं आडवं कापवलं. पांढरा भाग पोखरून भुसा झाला होता. त्याला लागून असलेली गाभ्याची पट्टी जशीच्या तशी होती. वाळवी तिथं येऊन थांबली होती. झिबलजी खाली पाहत राहिले. ताईनं त्यांना काही विचारलं नाही. माझ्याकडं वळली.

"हे मी बाजूले काढलं होतं."

"हो."

"वर्षभर मी ह्यायले खोटं धरून राहिली, बाबू. अन् तू पाहत राहिला?"

ती आत गेली आणि थोड्या वेळानं आम्हा दोघांसाठी चहा घेऊन आली. तिनं माझ्याशी अबोला धरला नाही, एकही भाऊबीज चुकवली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. 'हे म्हणायचे' पुन्हा सुरू झालं, पूर्वीपेक्षाही जास्त, आणि दर वेळी ते शब्द आले की मला बसल्या जागी टोचे. पुढं धंतोलीत घर बांधणारी माणसं लाकडाचा तुकडा घेऊन तिच्याकडं येऊ लागली. शाळा सुटल्यावर ओसरीवर बसून ती तो पारखून देई. अखेरच्या आठवड्यात दम लागत असतानाही हे चालूच होतं, असं शेजारी सांगतात.

गेल्या रविवारी मी तिचं घर आवरायला गेलो होतो. कपाट उघडलं, मिटलं, काहीच न आवरता इकडून तिकडं फिरत होतो. एवढ्यात फाटकाशी एक गृहस्थ आले, कागदात गुंडाळलेला तुकडा घेऊन. "बाई आहेत काय? देवदार दाखवायचा होता." मी सांगितलं. ते ओशाळून वळले. मी म्हणालो, "द्या इकडं." उन्हाकडं फिरवला, नखानं ओरखडला.

"हा पांढरा काठ सारा तासून टाका."

"थोडासाच तर आहे. एवढ्यानं काय होते?"

मग मी त्यांना ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. मुहूर्त, चौकट, ते वर्ष. आजवर हे मी घरातही कोणाला सांगितलं नव्हतं. गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकलं. तुकडा पुन्हा कागदात गुंडाळत त्यांनी विचारलं, "मग बाईनं तुम्हाले माफ केलं काय?"

"तिनं सांगितलं नाही," मी म्हणालो. "अन् मी विचारलं नाही."