राजाची अडीच घरं

गटातल्या मंडळींनो, घाईत टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आज वाशीला माझी पहिलीच बुद्धिबळ स्पर्धा होती. वर्षभर रोज पहाटे पुस्तकातले डाव मांडून सराव केलाय. पण खेळ मुळात शिकले बाबांकडून. आमच्या घरच्या नियमात राजाला शह मिळालेला नसेल, तर तो एकदाच घोड्यासारखा अडीच घरं उडी मारू शकतो.

आज तिसऱ्या डावात घाबरले आणि हात आपोआप गेला. राजा उचलून थेट अडीच घरं नेला.

समोरचे काका म्हणाले, "अगं, राजा आहे तो, घोडा नाही." पंच आले. हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो, म्हणून राजा एक घर पुढे सरकवला आणि तिथेच मात झाली.

तेव्हापासून मला माझ्याच हाताची भीती वाटतेय. उद्या शेवटची फेरी आहे.

घरी आले तर बाबांनी पट मांडून ठेवलेला. "ये गं, टेन्शन घालव. एक डाव टाकू, आपल्या घरच्या नियमाने." त्यांना अजून काहीच सांगितलं नाहीये.

तुम्ही आज बसला असता त्यांच्यासमोर?