बाकी सगळी साधारण

हेमलताच्या पायाला भिंगरी होती. खुर्चीत बसायची नोकरी लागली, तेव्हा ती भिंगरी डोक्यात जाऊन बसली. बाई मूळची नशिराबादची. लग्नानंतर सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्याला आली आणि बालविकासाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करू लागली. पाड्यापाड्यांवरच्या अंगणवाड्यांतून दर महिन्याला पोरांच्या दंडाचा घेर भरून यायचा. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर ‘तीव्र’ कुपोषित; नसेल, पण साडेबाराच्या आत असेल तर ‘मध्यम’; तेही नसेल तर ‘साधारण’. एका ‘इफ’च्या, म्हणजे ‘जर’च्या, पोटात दुसरा ‘इफ’ घालून तिने हा फॉर्म्युला स्वतः बसवला होता. तीव्र निघालेल्या पोरांना गाडी उपचार केंद्रात घेऊन यायची.

त्या सोमवारी तीव्र पोरांची यादी गेली, साहेबांनी वाहवा केली, तरी हेमलताला चैन पडेना. उठली, बसली, चहा अर्धाच टाकून पुन्हा तक्ता उघडला. एका पाड्यावरची पोरं सगळीच्या सगळी साधारण! शेजारच्या पाड्यावर नऊ तीव्र, आणि इथे काय दुधाच्या नद्या वाहतात? तिने तिथल्या सेविकेला, रत्नाला, फोन लावला.

“बठ्ठा पोरेस्ना दंड मोजेल शेतस, ताई. जमनानं पोर तं दहा पॉइंट नऊ शे.”

तक्त्यातही तेच होतं, १०.९. पण मराठी आकड्यांत. रत्नाला इंग्रजी आकड्यांची धास्ती, म्हणून ‘मराठीत भर, घाबरू नको’ असं हेमलतानेच तिला सांगितलं होतं. कॉम्प्युटरला ते आकडे वाटलेच नाहीत, नुसती अक्षरं वाटली. अक्षरं साडेअकराच्या आत बसत नाहीत, साडेबाराच्याही नाहीत; मग उरलं काय, तर साधारण. तिने जमनाच्या पोराचे मागचे महिने उघडले: ११.४, ११.१. दोन्हींपुढे साधारण.

गाडीवाल्या लोटनला तिने फोन करून अर्ध्या रस्त्यातून त्या पाड्यावर वळवलं.

संध्याकाळी पाय घराकडे वळेनात. ती उपचार केंद्रात गेली. जमना पोराला भरवत होती. हेमलताने आपण कोण ते सांगितलं.

“रत्नाताई दर महिनाले मोजे,” जमना म्हणाली. “मंग आमले काबर नही बलायं?”

कॉम्प्युटरवर ढकलणं सोपं होतं. “माझी चूक झाली,” हेमलता म्हणाली आणि तिला रडू आलं.

जमनाने पोर तिच्या हातात दिलं आणि वाटी धुवायला नळावर गेली. दीड वर्षाचं पोर, पण हाताला वजनच लागेना.